सामुदायिक वायरलेस नेटवर्क (किनवट-माहूर भाग)

सामुदायिक वायरलेस नेटवर्क म्हणजे गावकऱ्यांनी, ग्रामसभेनं नाहीतर बचतगटानं मिळून उभं केलेलं आणि स्वतःच चालवलेलं वायफायचं जाळं. इंटरनेट जिथवर आलंय तिथून पुढं ते हवेतून वाड्यावस्त्यांवर न्यायचं. मराठवाड्यात याची सगळ्यात जास्त गरज नांदेड जिल्ह्यातल्या किनवट-माहूर पट्ट्यात आहे, गोंड, आंध, परधान लोकांची गावं, कोलामांची पोडं (त्यांच्या छोट्या वस्त्या), मधेमधे बंजारा तांडे, आणि चहूकडं सागाचं जंगल.

२०११ ला मंजूर झालेल्या केंद्र सरकारच्या भारतनेट योजनेचं मूळ उद्दिष्टच ग्रामपंचायतीपर्यंत फायबर न्यायचं होतं. इकडं एकाच पंचायतीत दोन-तीन वस्त्या लांब लांब, मधे टेकडी नाहीतर नाला, मग केबल पंचायतीत आली तरी पोडावरच्या माणसाला तिचा काय उपयोग? रोहयोची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून मोबाईल ॲपवर सक्तीची झाली, रेशनची ई-केवायसी, शिष्यवृत्तीचे फॉर्म, सगळं ऑनलाईन, आणि ओटीपीसाठी माणूस टेकडी चढतोय. हा अन्यायच आहे.

जोडणी तशी साधी. पंचायतीच्या किंवा शाळेच्या छतावर एक डिश अँटेना, समोर वस्तीत खांबावर दुसरा, दोन्ही एकमेकांना दिसले पाहिजेत. एकजण वर अँटेना बोट-बोट फिरवतो, दुसरा खाली लॅपटॉपवर सिग्नलच्या ताकदीचा आकडा (डीबीएममधे) बघून ओरडतो, उणे ६० च्या आसपास आला की नट आवळायचे, उणे ८० वर लिंक डगमगते. वायफायच्या लहरींचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून आणि ५ गिगाहर्ट्झचा बराच भाग २०१८ पासून परवान्याशिवाय वापरता येतो.

किनवटकडं खरी गोम सागाची आहे. उन्हाळ्यात सागाची पानगळ होते, जंगल मोकळं दिसतं, मे महिन्यात लावलेली लिंक झकास चालते आणि पाऊस पडून ती रुंद पानं फुटली की सिग्नल पार बसतो, कारण पानातलं पाणी या लहरी शोषून घेतं. म्हणून जागेची पाहणी श्रावणातच करावी आणि खांब झाडांच्या शेंड्यांच्या वर काढावा, त्यात काटकसर करूच नये. कमी फ्रिक्वेन्सी झाडीतून बरी जाते, आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पानं पालघरच्या आदिवासी भागात टीव्ही चॅनलांसाठीच्या पण वापरात नसलेल्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर तसा प्रयोग केलाय, पण त्या पट्ट्याला सरकारी परवानगी लागते.

स्पेनच्या कॅटलोनियात २००४ पासून गुईफी हे असंच लोकांचं जाळं वाढत गेलं. आपल्याकडं डिजिटल एम्पॉवरमेंट फाउंडेशननं इंटरनेट सोसायटीसोबत २०१० मधे हे काम सुरू केलं, मध्य प्रदेशातलं विणकरांचं चंदेरी हे त्यातलं नावाजलेलं गाव.

कायद्याची अडचणही आता कमी झालीय. डिसेंबर २०२० मधे मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकानदार किंवा बचतगटसुद्धा परवाना न काढता वायफाय विकू शकतो. किनवटचा बराच भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, त्यामुळं तिथल्या ग्रामसभांना पेसाचा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचा) ५ टक्के अबंध निधी, म्हणजे आदिवासी उपयोजनेतला कशावर खर्चायचा ते ग्रामसभेनंच ठरवायचा पैसा, मिळतो आणि पायाभूत सुविधा हा त्या निधीच्या वापराचा एक विषय आहे. तो पैसा इकडं वळवायला ग्रामसभेत कुणीतरी ठासून बोलायला हवं.

लाईटीचा भरवसा नसल्यानं खांबावर सोलर पॅनल आणि बॅटरी लागतेच, वीज पडायचं भय म्हणून अर्थिंग पण. यात पॅनल वर्षानुवर्षं टिकतं, बॅटरी मात्र काही वर्षांतच बसते, तेव्हा घरामागची वर्गणी ठरवताना नव्या बॅटरीचे पैसे पहिल्या महिन्यापासूनच बाजूला काढावे लागतात.