रासबेरीचं वाण बनतं कसं, थोडी मागची गोष्ट

वाशीच्या फळ मार्केटला आंबा घेताना आपण देवगड की रत्नागिरी हे खोदून खोदून विचारतो, पण रासबेरीची ती महागडी छोटी डबी उचलताना वाण कुठलं हे कोणी विचारत नाही. तसं बघायला गेलं तर आंब्यापेक्षा रासबेरीत वाणाला जास्त महत्त्व आहे.

कारण फळाची रचनाच विचित्र. तोडताना मधला पांढरा दांडा झाडालाच राहतो आणि हातात येते नुसती पोकळ टोपी, छोटे रसाळ दाणे एकमेकांना कसेबसे धरून असतात, जरा दाब पडला की दाणे सुटतात आणि डबीच्या तळाशी लाल पाणी.

आधी याचं कोणाला टेन्शन नव्हतं, माल बराचसा जॅमला जायचा. ब्रिटनमध्ये गाजलेलं 'लॉइड जॉर्ज' वाण तर कोणी बनवलेलंच नाही, डॉर्सेटच्या जंगलात सापडलं आणि पंतप्रधानांचं नाव लावून विकलं गेलं, पुढच्या कितीतरी वाणांच्या वंशावळीत ते आहे. खरी डोकेदुखी होती मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड, कारण तो व्हायरस पसरवतो आणि मळेच्या मळे खलास होतात. इंग्लंडमधल्या केंटच्या ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्रात एलिझाबेथ कीप यांनी काळ्या रासबेरीतला मावा-प्रतिकारक जीन लाल रासबेरीत आणला, भारी काम, पण मावाही हुशार, काही वर्षांनी त्यालाही पुरून उरला.

स्कॉटलंडमध्ये वाणं बनवणारे संशोधक डेरेक जेनिंग्ज यांचा भर तोडणीवर. 1981 ला आलेली 'ग्लेन मॉय' आणि 'ग्लेन प्रोसेन' बिनकाट्याची, तोडणाऱ्या बायामाणसांचे हात वाचले. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातली 1967 ची 'मीकर' मशीनला सोयीची निघाली, मशीन झुडूप हलवतं आणि पिकलेलं फळच खाली पडतं, माल थेट फ्रीझिंगला.

पण माझ्या मते खरा टर्निंग पॉइंट 1969 ची न्यूयॉर्क राज्यातली 'हेरिटेज'. साधारण रासबेरीची फांदी एक वर्ष नुसती वाढते, मग थंडी खाते आणि दुसऱ्या वर्षी फळते. हेरिटेज पहिल्याच वर्षी शरद ऋतूत फळते, त्यामुळे हंगाम लांबला, आणि याच प्रकारची कमी थंडीवर भागणारी वाणं आली म्हणून स्पेनच्या दक्षिणेला, मेक्सिकोत हे पीक उभं राहिलं. आपल्या ठाण्याच्या उकाड्यात मात्र तीही नाही हो टिकणार.

हे सगळं इतकं हळू का? तर संकर केला की प्रत्येक बी वेगळं निघतं, हजारो रोपं लावा, चाखा, बहुतेक उपटून टाका, उरलेली परत वेगवेगळ्या मातीत लावून बघा, यात दहा-पंधरा वर्षं सहज जातात. एवढं करून निवडलेलं झाड मात्र मुळापासून येणाऱ्या फुटव्यांनी आयतं वाढतं, म्हणजे शेजाऱ्याने एक फुटवा उचलला की झालं. म्हणूनच हल्ली ड्रिस्कॉल्ससारख्या कंपन्या स्वतःची वाणं फक्त करारातल्या शेतकऱ्यांनाच देतात, बाहेर कोणाला नाही.