'कॅप्टन ब्लड'मागचा खरा वैद्य

'कॅप्टन ब्लड' म्हटलं की एरॉल फ्लिन आणि बॅसिल रॅथबोन यांची समुद्रकाठची तलवारबाजी आठवते. मला मात्र १९३५च्या या चित्रपटात सगळ्यात जास्त धरून ठेवते ती त्याची सुरुवात. जखमी बंडखोराला मलमपट्टी केली म्हणून एका डॉक्टरला राजद्रोही ठरवलं जातं. हे कुणाच्या कल्पनेतून आलेलं नाही.

१६८५मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स वारला आणि त्याचा कॅथलिक भाऊ दुसरा जेम्स गादीवर आला. चार्ल्सचा अनौरस मुलगा, मॉनमथचा ड्यूक, गादीवर हक्क सांगत उठला. ६ जुलैला सेजमूरच्या लढाईत त्याच्या शेतकऱ्या-विणकरांच्या फौजेची धूळधाण उडाली. मग जेफ्रीज या न्यायाधीशाने गावोगाव कोर्ट भरवून शेकडोंना फासावर चढवलं आणि आठशेहून अधिक जणांना वेस्ट इंडीजला धाडलं. तिथे ऊसमळेवाल्यांनी त्यांना दहा वर्षांच्या बोलीवर विकत घेतलं.

त्यांतच हेन्री पिटमन हा शस्त्रवैद्य होता. त्याने जखमींवर उपचार केले होते, एवढंच. बार्बाडोसमध्ये तो रॉबर्ट बिशप नावाच्या मळेवाल्याच्या ताब्यात गेला. मे १६८७मध्ये काही सोबत्यांसह तो छोट्या होडीतून निसटला, व्हेनेझुएलाजवळच्या एका ओसाड बेटावर कासवं खाऊन तगला. तिथे त्याची समुद्री चाच्यांशीही गाठ पडली. जेम्सची सत्ता गेल्यावर, १६८९मध्ये, त्याने आपली हकिकत छापली.

चित्रपट ज्यावर बेतला त्या राफाएल साबातिनीच्या १९२२च्या कादंबरीतला डॉक्टर पीटर ब्लड या हकिकतीतूनच उभा राहिला. तिथल्या निर्दयी मळेवाल्याचं नाव कर्नल बिशप आहे, हा काही योगायोग नव्हे. ब्लड पुढे समुद्री चाचा होतो, पिटमन स्वतः मात्र झाला नाही. त्या भागासाठी साबातिनीपुढे हेन्री मॉर्गन होता. स्पॅनिश शहरं लुटणारा मॉर्गन पुढे जमैकाचा डेप्युटी गव्हर्नर झाला होता. चित्रपटाने बार्बाडोस सोडून गुलामीचे प्रसंगही जमैकाच्या पोर्ट रॉयलला नेले. एक गोष्ट खटकतेच: त्या मळ्यांवर राबणाऱ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेले लोक कितीतरी जास्त होते. त्यांना दहा वर्षांचीही मुदत नव्हती. पडद्यावर मात्र दुःख दिसतं ते गोऱ्या कैद्यांचं.

कादंबरीवर व्हायटाग्राफ कंपनीने १९२४मध्ये मूकपट काढला होता. पुढच्याच वर्षी ती कंपनी वॉर्नर ब्रदर्सने घेतली. १९३४मध्ये 'ट्रेझर आयलंड' आणि 'द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' चालले, तेव्हा वॉर्नरनेही ब्लड पुन्हा बाहेर काढला. आधी रॉबर्ट डोनाटला घ्यायचं ठरलं होतं. ते जमलं नाही, म्हणून दिग्दर्शक मायकेल कर्टिझच्या वाट्याला टास्मानियाचा जवळपास अनोळखी फ्लिन आला आणि जोडीला एकोणीस वर्षांची ऑलिव्हिया डी हॅविलँड. संगीतकार कॉर्नगोल्डला जेमतेम तीन आठवडे मिळाले. वेळ पुरेना, म्हणून त्याने काही ठिकाणी एकोणिसाव्या शतकातला संगीतकार फ्रांझ लिस्ट याची रचना वापरली, आणि श्रेयनामावलीत आपल्या नावापुढे फक्त 'संगीत संयोजन' लिहायला लावलं.