सोंडेपलीकडचा टोर्नेडो

टोर्नेडो म्हटलं की काळ्या ढगातून जमिनीपर्यंत उतरलेली सोंड डोळ्यांपुढे येते. पण ती सोंड म्हणजे अख्खा टोर्नेडो नव्हे. भोवऱ्याच्या मध्यभागी हवेचा दाब झपकन उतरतो, हवा थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे बारीक थेंब बनतात. आपल्याला दिसतात ते हे थेंब आणि उडालेली धूळ. वारा दिसत नाही. त्यामुळे सोंड अर्ध्यावर लोंबत असताना खाली जमिनीवर पत्रे उडायला लागलेले असू शकतात. ‘अजून टेकला नाही’ म्हणत पाहत उभं राहणं जिवावर बेततं ते यामुळेच.

जोरदार टोर्नेडो बहुतेक वेळा ‘सुपरसेल’ प्रकारच्या गडगडाटी वादळातून जन्मतात. जमिनीलगत वारा संथ आणि वर तो वेगवान, शिवाय वेगळ्या दिशेचा असेल, तर मधली हवा आडवी घरंगळू लागते. वादळात वर चढणारा प्रवाह ही आडवी फिरकी उचलून उभी करतो आणि ढगाच्या पोटात काही किलोमीटर रुंदीचा फिरता स्तंभ तयार होतो. वाऱ्याचा वेग टिपणाऱ्या डॉप्लर रडारला तो ओळखता येतो. तरी अशा बहुतेक वादळांतून टोर्नेडो उतरतच नाही. कुठल्या वादळात जमिनीजवळची फिरकी आवळत जाईल हे आधी सांगणं फार अवघड आहे, म्हणून इशारे पुष्कळदा फुकट जातात. त्यावरून इशाऱ्यांना हसणं मात्र अन्यायाचं आहे. खरा ठरणारा इशाराही सरासरी दहा-एक मिनिटांचीच उसंत देतो, आणि ती मिनिटं माणसं वाचवतात.

चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरतं आणि अनेक दिवस टिकतं. टोर्नेडोचा कारभार सहसा काही मिनिटांचा आणि काहीशे मीटरांच्या आतला. अपवाद भयंकर आहेत. 18 मार्च 1925 रोजी अमेरिकेतल्या मिसुरी, इलिनॉय आणि इंडियाना या तीन राज्यांतून गेलेल्या टोर्नेडोने सुमारे 350 किलोमीटरचा पट्टा उद्ध्वस्त केला, 695 माणसं दगावली. जगातला सर्वांत प्राणघातक मानला जाणारा टोर्नेडो मात्र बांगलादेशातला: 26 एप्रिल 1989, दौलतपूर-सटुरिया, सुमारे 1,300 बळी. हे संकट एकट्या अमेरिकेचं नाही.

मग त्याची ताकद मोजतात कशी? वाऱ्याच्या वेगावरून नव्हे, तर मागे उरलेल्या पडझडीवरून. हवामानशास्त्रज्ञ टेत्सुया फुजिता यांनी 1971 मध्ये ही मोजपट्टी मांडली. तिची सुधारित आवृत्ती अमेरिकेत 2007 पासून वापरात आहे. या पद्धतीची मर्यादा ओक्लाहोमातल्या एल रेनोजवळ 31 मे 2013 रोजी उघड झाली. तिथला टोर्नेडो तब्बल 4.2 किलोमीटर रुंद होता आणि रडारने त्यात ताशी 450 किलोमीटरहून अधिक वेग टिपला. तरी तो बराचसा मोकळ्या रानातून गेल्यामुळे पडझडीच्या हिशेबात सर्वांत वरच्या, पाचव्या श्रेणीचा न ठरता तिसऱ्या श्रेणीचा ठरला.

एक घर जमीनदोस्त आणि शेजारचं शाबूत, हे कसं? याचंही उत्तर फुजितांच्या अभ्यासात सापडतं. मोठ्या टोर्नेडोच्या पोटात अनेकदा लहान भोवरे मध्याभोवती गरगरत असतात. ज्या चिंचोळ्या पट्ट्यावरून असा भोवरा जातो तिथे विनाश सर्वाधिक. लोकांना हा नशिबाचा खेळ वाटतो, पण ती हवेच्या रचनेची करणी असते.

काही समजुती मात्र थेट घातक आहेत. आतबाहेरचा दाब समान व्हावा म्हणून खिडक्या उघडायच्या, ही त्यातली एक. घरं दाबाच्या फरकाने फुटत नाहीत. वारा आणि उडून आलेला मलबा ती फोडतो. उघड्या खिडकीतून शिरलेला वारा छपराला आतून रेटा देतो. पुलाखाली थांबणंही तसंच धोक्याचं: 3 मे 1999 रोजी ओक्लाहोमात पुलांखाली आसरा घेतलेली माणसं मृत्युमुखी पडली. नदी किंवा डोंगर आडवा आला म्हणून टोर्नेडो अडत नाही. 1987 मध्ये वायोमिंगच्या डोंगराळ जंगलात एक टोर्नेडो 3,000 मीटरच्या आसपासच्या उंचीवरून गेला. उंच इमारतींच्या शहरालाही अभय नाही. 2000 साली टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या ऐन मध्यवस्तीत टोर्नेडो शिरला होता.

आणखी एक चकवा लक्षात ठेवायलाच हवा. दूरचा टोर्नेडो डावीकडे किंवा उजवीकडे सरकताना दिसत नसेल, तर तो थांबलाय असं वाटतं. प्रत्यक्षात तो पाहणाऱ्याच्याच रोखाने येत असण्याची शक्यता असते. अशा वेळी तळघर गाठावं. ते नसेल तर सर्वांत खालच्या मजल्यावरची, बाहेरच्या भिंतींपासून दूरची, बिनखिडकीची लहान खोली निवडावी आणि डोकं-मान झाकून खाली बसावं. पाऊस किंवा अंधार असेल तर टोर्नेडो दिसण्याची वाट पाहू नये, इशारा मिळताच आत जावं.