लघवी कधी तुंबली? कमरेची नस, उशीर आणि नुकसानभरपाई

द्राक्षांचे क्रेट उचलताना कंबर धरली, ही निफाड-दिंडोरीकडची नेहमीचीच तक्रार. नाशिकमधल्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांतही तेच. 'गॅप आलाय' म्हणत माणूस पट्टा बांधतो, गोळ्या खातो आणि बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत शमतंही. त्यामुळे डॉक्टरांनी आधी विश्रांती सांगितली, यात चूक काहीच नाही. प्रश्न येतो तो या गर्दीत मिसळलेल्या एखाद्याच रुग्णाचा.

मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. तिथून खाली नसांचा जुडगा घोड्याच्या शेपटीसारखा लोंबत असतो. त्याला 'कॉडा इक्विना' म्हणतात. खालच्या मणक्यांमधली गादी फुटून मोठा तुकडा मागे आला, की हा अख्खा जुडगा चेपला जातो. आधी नसांमधल्या बारीक शिरा दबतात, रक्त तुंबतं, सूज येते आणि सुजेमुळे दाब आणखी वाढतो. हातापायांतल्या नसांभोवती जाड आवरण असतं, तसं इथे जवळपास नसतंच. त्यातही मूत्राशय, गुदद्वार आणि लैंगिक क्रिया सांभाळणारे तंतू सर्वांत बारीक. म्हणून पाय चालत असतानाही लघवी अडते.

एकदा मेलेली नस परत वाढते, पण फार सावकाश, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर जवळजवळ मीटरभर. हिशेब मांडला तर जवळपास तीन वर्षं, आणि तोवर स्नायू वाळून गेलेला असतो. म्हणून दाब तातडीनं काढणं हाच खरा उपाय. 48 तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांचे निकाल बरे असतात, असं 2000 साली अनेक अभ्यास एकत्र तपासून दिसलं होतं. तो आकडा सगळीकडे उगाळला जातो, पण 47व्या तासाला नस शाबूत आणि 49व्याला खलास असं शरीरात होत नाही. नुकसान तासागणिक वाढत जातं.

भरपाईचा दावा नेमका इथेच अडतो. उशीर झाला हे दाखवून भागत नाही, त्या उशिरामुळेच नुकसान झालं हेही दाखवावं लागतं. समजा, रुग्ण सकाळी दवाखान्यात आला तेव्हा लघवी जोर लावून का होईना होत होती, बैठकीची जागा थोडी बधिर होती. एमआरआय दुसऱ्या दिवशी झाला, तोवर लघवी पूर्ण तुंबली. हा दावा भक्कम. याउलट येतानाच मूत्राशय निकामी झालं असेल, तर 'लवकर केलं असतं तरी फार फरक पडला नसता' हा बचाव डॉक्टरांच्या वकिलाला आयता मिळतो.

म्हणून केस पेपर बारकाईनं वाचावा. 'लघवी होते' एवढीच नोंद असेल तर विचारायचं, कशी होते? तुंबलेलं मूत्राशय काठोकाठ भरलं की थेंब थेंब गळू लागतं आणि नातेवाईकही 'होतेय की' म्हणून मोकळे होतात. लघवीनंतर सोनोग्राफी करून आत 200 मिलिलिटरपेक्षा जास्त उरल्याचं दिसलं, तर तो धोक्याचा इशारा. ही साधी तपासणी झाली होती का, बधिरपणा टोचून पाहिला होता का, किती वाजता? नर्सच्या चार्टवरच्या वेळा अनेकदा डिस्चार्ज कार्डापेक्षा जास्त बोलतात. लेखी मागणी केल्यावर 72 तासांत कागद द्यायचे, असा 2002च्या वैद्यकीय आचारनियमांचा दंडक आहे. डिस्चार्ज कार्डावर न थांबता सगळे इनडोअर पेपर, म्हणजे भरती असतानाच्या नोंदी, मागावेत.

पैसे घेऊन दिलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, हे सर्वोच्च न्यायालयानं 1995 सालीच ठरवलं. सगळ्यांनाच मोफत उपचार देणाऱ्या सरकारी रुग्णालयाला तो लागू होत नाही, तिथे दिवाणी दावा. 2019च्या कायद्यानुसार तक्रार दोन वर्षांत करायची, आणि राहत्या जिल्ह्यातही करता येते. कोणत्या ग्राहक आयोगाकडे जायचं हे मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, मोजलेल्या बिलावर ठरतं. बिल 50 लाखांपर्यंत असेल तर नाशिकचा जिल्हा आयोग पुरे, आणि 5 लाखांपर्यंत फी शून्य. लोक अजून त्याला 'ग्राहक मंच'च म्हणतात. निकाल वाईट लागला म्हणजे निष्काळजीपणा झाला असं मात्र आयोग मानत नाही. त्या जागी दुसरा साधारण कुशल डॉक्टर काय करता, हा निकष. त्यासाठी दुसऱ्या न्यूरोसर्जनचं लेखी मत लागतंच, असं 2010च्या एका निकालानुसार प्रत्येक प्रकरणात नाही. पण उशिराच्या दाव्यात त्यावाचून निभाव लागणं कठीण.

रक्कम मागताना लोक ऑपरेशनचं बिल आणि बुडालेला पगार लिहून थांबतात. हैदराबादच्या निझाम इन्स्टिट्यूटमध्ये छातीतली गाठ काढताना कमरेखाली लुळ्या झालेल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला सर्वोच्च न्यायालयानं 2009 साली एक कोटी रुपये दिले. तिथे पुढच्या आयुष्यभराचा खर्च धरला होता. कॉडा इक्विना चेपल्यावर तो खर्च म्हणजे दिवसातून चार-पाचदा स्वतः घालायचा कॅथेटर, पुन्हा पुन्हा होणारा मूत्रसंसर्ग, डायपर, फिजिओथेरपी. वैवाहिक सुखाचं नुकसानही त्यात बसतं. लाजेपायी तो रकाना बहुतेक जण कोराच सोडतात, तेव्हा वकिलानं आडून न विचारता सरळ विचारावं.