पीटच्या दलदलीतील नॅरोगेज आणि तिची प्रतिकृती : पार्श्वभूमी

शालेय भूगोलात कोळशाचे प्रकार शिकवताना पीटचे नाव सर्वात आधी येते आणि लगेच मागेही पडते, कारण आपल्याकडे पीट काढण्याचा मोठा उद्योग कधी उभा राहिला नाही. आयर्लंड, जर्मनी, ब्रिटन आणि पूर्वीच्या सोव्हिएत संघात मात्र याच मातकट इंधनासाठी दलदलींवर नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांच्या, रेल्वेची मोठी जाळी पसरली होती. आज छोट्या प्रमाणातील रेल्वे प्रतिकृती उभारणाऱ्यांमध्ये पीट रेल्वे हा आवडीचा विषय आहे. तो तसा का झाला आणि अशी प्रतिकृती करताना मूळ रेल्वेचा इतिहास ठाऊक असणे का आवश्यक ठरते, हे सांगण्यासाठी ही टिपण.

पीट म्हणजे पाण्याखाली प्राणवायूविना अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा, विशेषतः स्फॅग्नम शेवाळाचा, हजारो वर्षे साचत गेलेला थर. तो वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो आणि मूळ अवस्थेत त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. अशा जमिनीवर जड गाडी रुतते आणि पक्का रस्ता खचतो. चर खणून पाणी उतरवले तरी पृष्ठभाग वर्षानुवर्षे खाली बसत राहतो. शिवाय पीट जिथून काढायचे ती जागा दर हंगामात बदलते. म्हणून वजन लांब स्लीपरांवर पसरवणारा, माणसांना उचलून पुढे सरकवता येईल असा हलका रूळ हाच व्यवहार्य मार्ग होता. पीट रेल्वेची सगळी वैशिष्ट्ये, तिची छोटी इंजिने, तिचे वाकडेतिकडे रूळ आणि तिचे तात्पुरते फाटे, या एकाच कारणातून आली आहेत.

हलवता येणारे रूळ ही कल्पना पीटसाठी जन्माला आलेली नव्हती. फ्रान्समध्ये पॉल देकोव्हिल यांनी १८७०च्या दशकात बीटचे पीक शेतातून बाहेर काढण्यासाठी लोखंडी स्लीपरांसह जोडलेले तयार रूळ-तुकडे वापरात आणले. जर्मनीत ओरेन्स्टाइन अँड कोपेलने हाच माल मोठ्या प्रमाणावर विकला. माथेरानच्या गाडीची सुरुवातीची वाफेची इंजिनेही याच कंपनीची होती. पहिल्या महायुद्धात खंदकांपर्यंत तोफगोळे पोहोचवण्यासाठी ६०० मिमी रुंदीच्या रेल्वेचे जाळे टाकले गेले आणि बेडफर्डच्या मोटर रेल कंपनीची ‘सिम्प्लेक्स’ पेट्रोल इंजिने त्यावर धावली. युद्ध संपल्यावर हे रूळ आणि ही इंजिने स्वस्तात उपलब्ध झाली. खाणी, वीटभट्ट्या आणि पीटचे कारखाने यांनी ती उचलली. त्यामुळे शांत दलदलीतल्या गाडीत युद्धभूमीवरची यंत्रे दिसणे हा योगायोग नाही.

इंग्लंडमध्ये पीटला पहिली मोठी बाजारपेठ इंधन म्हणून नव्हे, तर घोड्यांच्या तबेल्यात अंथरण्यासाठी मिळाली. शहरांतील ट्राम आणि मालगाड्या घोडे ओढत होते तोवर यॉर्कशरमधील थॉर्नच्या दलदलीतून हा माल जात असे. पुढे बागकामासाठी पीट लागू लागले. सॉमरसेटमध्ये पीटच्या एका छोट्या रेल्वेने तर मुख्य रेल्वेमार्ग समपातळीवर ओलांडला होता. ऑगस्ट १९४९मध्ये ॲशकॉटजवळच्या या ओलांडणीवर पीटचे इंजिन अडकले, प्रवासी गाडीची धडक बसली आणि गाडीचे मोठे इंजिनच रूळ सोडून शेजारच्या कालव्यात गेले. ते बाहेर काढण्याऐवजी जागेवरच तोडावे लागले, इतकी तिथली जमीन मऊ होती.

तथापि या विषयाचे खरे केंद्र आयर्लंड आहे. त्या देशात कोळसा फारसा नाही, पण मध्यभागाचा मोठा प्रदेश दलदलीखाली आहे. स्वातंत्र्यानंतर ब्रिटनच्या कोळशावर अवलंबून राहायचे नाही, ही राजकीय इच्छा होती. १९३४मध्ये टर्फ डेव्हलपमेंट बोर्ड स्थापन झाले. त्याचे प्रमुख सी. एस. ‘टॉड’ अँड्र्यूज यांनी पुढच्याच वर्षी जर्मनी आणि सोव्हिएत संघातील यांत्रिक पीट उत्पादन प्रत्यक्ष पाहिले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कोळसा आटला तेव्हा डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये रस्त्याच्या दुतर्फा पीटच्या उंच गंज्या रचल्या गेल्या. १९४६च्या कायद्याने ‘बोर्ड ना मोना’ हे सरकारी महामंडळ अस्तित्वात आले आणि १९५०मध्ये पोर्टार्लिंग्टन येथे क्लॉनसास्ट दलदलीच्या पीटवर वीज तयार होऊ लागली. फरबेन (१९५७), लेन्सबरो, रोड, बेलाकॉरिक आणि शॅननब्रिज ही वीजकेंद्रे त्यामागून आली. यांतील बहुतेक केंद्रे दलदलीच्या काठाशी बांधली गेली, कारण पीट वजनाच्या मानाने कमी उष्णता देते आणि ते दूर नेणे परवडत नाही. त्यांची भूक भागवणारी रेल्वे ३ फूट, म्हणजे ९१४ मिमी, रुंदीची होती. भराच्या काळात तिची एकूण लांबी हजार किलोमीटरच्या बरीच पुढे गेली होती.

सुरुवातीला क्लॉनसास्टसाठी स्कॉटलंडच्या अँड्र्यू बार्कले कंपनीकडून १९४९मध्ये तीन वाफेची इंजिने घेतली गेली. ती पीटच जाळत. डिझेल इंजिने अधिक सोयीची असल्याने ही तिन्ही काही वर्षांतच बाजूला पडली. त्यांतील एक आज लीश परगण्यात स्ट्रॅडबली येथे जतन केलेले आहे, तर दुसऱ्याचे सुटे भाग वापरून वेल्सच्या टॅलिलिन रेल्वेने आपले ‘टॉम रोल्ट’ हे इंजिन बांधले आणि १९९१मध्ये ते सेवेत आणले. पुढची दशके मात्र लिंकनच्या रस्टन अँड हॉर्न्सबीची आणि लीड्सच्या हन्सलेटची डिझेल इंजिने गाजवत राहिली.

गाड्यांचे स्वरूप पीट काढण्याच्या पद्धतीवर ठरत असे. जुन्या पद्धतीत यंत्राने कापलेली पीटची ढेकळे दलदलीतच सुकवून गोळा केली जात. नव्या पद्धतीत पृष्ठभागाचा सेंटिमीटरभर थर खरवडायचा, तो भुगा उन्हावाऱ्यात उलटसुलट करून वाळवायचा, मग शेजारशेजारच्या अकरा पट्ट्यांतला माल एकाच लांबलचक गंजीत आणायचा आणि गंजीवर प्लास्टिक अंथरायचे. हिवाळ्यात या गंजीला समांतर तात्पुरता रूळ टाकला जाई. उत्खनन यंत्र वाघिणी भरत पुढे सरके, गंजी संपली की रूळ उचलून दुसऱ्या गंजीपाशी नेला जाई. वीजकेंद्रात वाघीण पूर्ण उलटी करून रिकामी करणारे यंत्र असे. कायमचे मार्ग ओढे, सार्वजनिक रस्ते आणि कालवे ओलांडत. शॅननब्रिज येथे शॅनन नदीवर या रेल्वेचा स्वतंत्र पूल आहे.

प्रतिकृतीच्या बाजूने पाहता या छंदाला चालना मिळाली ती वेगळ्याच कारणाने. १९६०च्या दशकाच्या आरंभी न्यूरेम्बर्गच्या आर्नोल्ड कंपनीने ९ मिमी रुंदीच्या रुळांवरची ‘एन’ गेजची इंजिने बाजारात आणली. त्यांची यंत्रणा घेऊन तिच्यावर ४ मिमीला एक फूट या प्रमाणातील (मूळचा एक फूट प्रतिकृतीत ४ मिमी) मोठी बॉडी बसवली की नॅरोगेजचे इंजिन तयार होई. दुसऱ्या महायुद्धानंतर एडिंबरातील पी. डी. हॅनकॉक यांनी नॅरोगेज लेआउट, म्हणजे रूळ आणि परिसरासह मांडलेली पूर्ण प्रतिकृती, उभारून वाट आधीच दाखवली होती. आता साधनेही हाताशी आली, आणि १९७३मध्ये अशा प्रतिकृती करणाऱ्यांची ‘००९ सोसायटी’ स्थापन झाली. ९ मिमीचा रूळ या प्रमाणात सव्वादोन फूट भरतो, म्हणून सॉमरसेटसारख्या दोन फुटी पीट रेल्वेसाठी तो चालून जातो.

आयरिश रेल्वेसाठी मात्र तो अरुंद पडतो आणि तिथे हिशेब नीट मांडावा लागतो. ४ मिमी प्रमाणात ३ फुटांना १२ मिमीचा रूळ लागतो. फुटाला ५.५ मिमी हे प्रमाण धरले, तर रेल्वे प्रतिकृतींत नेहमी वापरला जाणारा १६.५ मिमीचा रूळ बरोबर ३ फूट होतो. हे प्रमाण कमी वापरले जात असल्याने माणसे, घरे, झाडे बहुतेक स्वतःच करावी लागतात, पण दलदलीत घरे आणि झाडे मुळातच विरळ असल्याने ही अडचण इथे सर्वात कमी जाणवते. माझ्या मते पीट रेल्वे निवडण्याचे हे एक भक्कम कारण आहे. जर्मन पीट रेल्वेच्या ६०० मिमीसाठी १:८७ प्रमाणात ६.५ मिमीचा रूळ जवळ जातो. प्रतिकृती बनवणाऱ्या बुश कंपनीच्या फेल्डबान (हलकी शेत-रेल्वे) मालिकेत इतक्या हलक्या इंजिनाची पकड टिकावी म्हणून रुळाखाली लोखंडी पट्टी आणि इंजिनात चुंबक बसवलेले असते.

खरे कौशल्य रुळात आहे. रेल्वे प्रतिकृतीत रूळ सपाट आणि घट्ट असावा, असे सर्वत्र शिकवले जाते. पीटवरचा रूळ मात्र लाटेसारखा खालीवर होतो, स्लीपर अर्धे मातीत गेलेले असतात आणि खडी जवळपास नसतेच. म्हणून पायाभूत फळीला लांबीच्या दिशेने सौम्य उंचसखलपणा द्यावा, पण समोरासमोरचे दोन्ही रूळ एकमेकांच्या पातळीत ठेवावेत. आडव्या दिशेने तिरकेपणा आला की छोटी वाघीण घसरते. रंगातही बारकावा हवा. नुकताच कापलेला ओला पीट जवळजवळ काळा असतो, वाळल्यावर तो तपकिरी होतो, आणि चराच्या भिंतीवर हे दोन्ही रंग एकाखाली एक दिसतात. वापरलेली चहापत्ती बारीक करून भुग्याचा आभास छान साधतो, मात्र ती ओव्हनमध्ये पूर्ण कोरडी केली नाही तर बुरशी धरते.

काळ ठरवल्याशिवाय यातले काहीच ठरत नाही. क्लॉनसास्टची वाफेची इंजिने हवी असतील तर १९५०च्या आसपासची ढेकळे आणि हाताने भरलेल्या वाघिणी हव्यात. १९९२ ते २००८ दरम्यान ब्लॅकवॉटर दलदलीत पर्यटकांसाठी गाडी चालत असे, त्यामुळे त्या काळच्या लेआउटमध्ये प्रवासी डबाही शोभतो. शॅननब्रिज आणि लेन्सबरोची केंद्रे डिसेंबर २०२०मध्ये बंद झाली, जानेवारी २०२१मध्ये बोर्ड ना मोनाने पीट काढणे कायमचे थांबवल्याचे जाहीर केले आणि एडेन्डेरीच्या केंद्राने २०२३च्या अखेरीस पीट जाळणे बंद केले. कार्बन जमिनीतच राहावा म्हणून आता चर बुजवून दलदली पुन्हा ओल्या केल्या जात आहेत. हा अखेरचा काळ दाखवायचा तर मालाच्या वाघिणी गाळून त्यांच्या जागी उखडलेल्या रुळांनी भरलेल्या सपाट वाघिणी घ्याव्यात, आणि फाट्यांची टोके मधेच तुटलेली ठेवावीत.