सगळे एकाच पत्त्यावरून

सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला वाचनालयातून फोन आला. "लॉगिन होत नाहीये. कुणाचंच होत नाहीये." सभासदांसाठी मी लिहून दिलेलं ते छोटंसं ॲप्लिकेशन: पुस्तक शोधायचं, राखून ठेवायचं, वर्गणी कधी संपते ते बघायचं. दोन वर्षं विनातक्रार चाललं होतं. आदल्या रात्री मी त्यात एकच बदल केला होता, त्याच्यापुढे रिव्हर्स प्रॉक्सी बसवला होता.

लॉग, म्हणजे सर्व्हरवरची नोंदवही, उघडला. ९:४१ ला चुकीचा पासवर्ड, इंटरनेटवरचा (आयपी) पत्ता १२७.०.०.१. ९:४४ ला दुसऱ्याच सभासदाचा चुकीचा पासवर्ड, पत्ता पुन्हा तोच. एका पत्त्यावरून पाच चुका झाल्या की त्या पत्त्याला पंधरा मिनिटं बंदी, हा नियम मीच लिहिलेला. आणि आता सगळं गाव एकाच पत्त्यावरून येत होतं. १२७.०.०.१ म्हणजे सर्व्हरचा स्वतःचाच पत्ता.

प्रॉक्सी म्हणजे आपल्या वतीने बोलणारा मध्यस्थ. कॉलेजात किंवा ऑफिसात असतो तो साधा प्रॉक्सी वापरणाऱ्यांच्या बाजूने उभा असतो; बाहेरच्या वेबसाइटला आतला माणूस दिसत नाही, प्रॉक्सी दिसतो. रिव्हर्स प्रॉक्सी याच्या उलट, सर्व्हरच्या बाजूने उभा राहतो. ब्राउझरला वाटतं आपण थेट ॲप्लिकेशनशी बोलतोय. प्रत्यक्षात तो प्रॉक्सीशी बोलत असतो आणि प्रॉक्सी आतल्या ॲप्लिकेशनशी.

मग हा मध्यस्थ हवा कशाला? माझ्या ॲप्लिकेशनचे चार वर्कर होते, म्हणजे एका वेळी चारच विनंत्यांकडे ते बघू शकायचं. समजा चार जण एसटीत बसलेत, नेटवर्क येतंय-जातंय, आणि प्रत्येक जण ओळखपत्राचा फोटो अपलोड करतोय. फोटो तुकड्यातुकड्याने येत राहतो आणि वर्कर नुसता वाट बघत अडकून पडतो. पाचवा माणूस घरच्या उत्तम वायफायवरून आला तरी ताटकळतो. पुढे प्रॉक्सी असला की सगळा फोटो आधी तो स्वतःकडे गोळा करतो आणि पूर्ण झाल्यावरच आत देतो. उत्तराचंही तसंच: वर्कर ते झटकन प्रॉक्सीच्या हवाली करून मोकळा होतो, मग सावकाश पोचवत बसायचं काम प्रॉक्सीचं.

प्रॉक्सी स्वतः का अडकत नाही, हा यातला मला सर्वांत आवडणारा भाग. १९९९ मध्ये डॅन केगेल यांनी प्रश्न मांडला होता: एकाच सर्व्हरने एका वेळी दहा हजार जोडण्या कशा सांभाळायच्या? तेव्हाची रूढ पद्धत प्रत्येक जोडणीला एक स्वतंत्र प्रोसेस, म्हणजे प्रोग्रामची एक वेगळी चालती प्रत, द्यायची होती, आणि तेवढ्या प्रोसेस म्हटल्या की मेमरी संपायची. रशियातल्या रॅम्बलर कंपनीत काम करणाऱ्या इगोर सिसोयेव्ह यांनी २००२ मध्ये एन्जिनएक्स हे रिव्हर्स प्रॉक्सीचंही काम करणारं वेब सर्व्हर सॉफ्टवेअर लिहायला घेतलं आणि २००४ मध्ये ते सर्वांसाठी खुलं केलं. त्यात मोजक्याच प्रोसेस हजारो जोडण्या सांभाळतात. ज्या जोडणीवर काही आलंय तिच्याकडे बघायचं, तिचं तेवढं काम उरकायचं आणि पुढच्या जोडणीकडे वळायचं. थांबून राहायचं कुणापाशीच नाही.

शिवाय एचटीटीपीएसचं (सुरक्षित जोडणीचं) प्रमाणपत्र सांभाळणं, चित्रं-फायली पुरवणं, असली कामंही प्रॉक्सीच बघतो. पण या सोयीत एक गोष्ट हातची जाते. जोडण्या आता दोन झाल्या: ब्राउझर ते प्रॉक्सी आणि प्रॉक्सी ते ॲप्लिकेशन. ॲप्लिकेशनला फक्त दुसरी दिसते. म्हणून समोर कोण आहे असं विचारलं की उत्तर कायम १२७.०.०.१.

यावर उपाय म्हणजे विनंतीसोबत एक चिठ्ठी पाठवायची. एक्स-फॉरवर्डेड-फॉर नावाच्या हेडरमध्ये प्रॉक्सी मूळ पत्ता लिहितो, उदाहरणार्थ २०३.०.११३.४५. मी फोन ठेवल्या ठेवल्या हेच केलं आणि घाईत दुसरी चूक केली. ही चिठ्ठी ब्राउझरकडूनही येऊ शकते. कुणी मुद्दाम १९८.५१.१००.७ असं लिहून पाठवलं, तर नेहमीच्या मांडणीत प्रॉक्सी ते पुसत नाही, त्यापुढे खरा पत्ता जोडतो: १९८.५१.१००.७, २०३.०.११३.४५. मी डावीकडचा पहिला पत्ता उचलत होतो. म्हणजे पासवर्ड फोडू पाहणाऱ्याने दर वेळी नवा खोटा पत्ता लिहिला असता, तर माझी बंदी त्याला कधीच लागली नसती. पुढे एकच प्रॉक्सी असेल तर विश्वास ठेवायचा तो सर्वांत उजवीकडच्या पत्त्यावर, कारण तेवढाच आपल्या माणसाने लिहिलेला असतो.

पत्त्यावर बंदी घालण्याची माझी कल्पनाही तशी तोकडीच होती. मोबाइल नेटवर्कवर अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्याआडून येतात, म्हणजे प्रॉक्सी नसतानाही निरपराध माणूस अडकू शकला असता. आता मी चुका खात्यानुसारही मोजतो आणि पत्त्याची मर्यादा बरीच सैल ठेवली आहे.

आणखी एक दार उघडंच होतं. ॲप्लिकेशन ८००० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या त्या क्रमांकाच्या दारावर, ऐकत होतं, आणि तेही साऱ्या जगासाठी. प्रॉक्सीला वळसा घालून कुणी थेट तिथे आलं असतं, तर सबंध चिठ्ठी त्याच्याच हातची असती, उजवीकडचा पत्तासुद्धा. एक ओळ बदलली: ऐकायचं ते फक्त १२७.०.०.१ वर. संध्याकाळी वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून सर्व्हरच्या पत्त्यापुढे ८००० टाकून पाहिलं. काहीच उघडलं नाही. मग नेहमीच्या पत्त्यावरून लॉगिन केलं आणि लॉगमध्ये पहिल्यांदा माझ्या फोनचा खरा पत्ता उमटला.