घरगुती विद्युत आगींचा प्रतिबंध

घरातील वायरिंग किंवा विजेच्या उपकरणांमुळे आग लागू नये म्हणून घ्यायची काळजी. आग लागली की दोष शॉर्टसर्किटला दिला जातो. पण फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी तार) थेट भिडले तर चांगला एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह आला की आपोआप बंद होणारा स्विच, क्षणात पडतो. खरा धोका ढिल्या जोडाचा. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो. सॉकेटमधला स्क्रू सैल होऊन तिथला रोध अर्धा ओहम झाला, तर त्या एका टोकावर सुमारे ३६ वॅट उष्णता निर्माण होते, म्हणजे रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या सोल्डरिंग आयर्नइतकी. प्रवाह वाढलेला नसतो, त्यामुळे एमसीबीला याचा पत्ता लागत नाही. प्रवाह जमिनीकडे गळत नाही, म्हणून अशी गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबीही गप्प राहतो.

अशा वेळी भरवसा डोळ्यांवर आणि नाकावर. स्विचची कड तपकिरी पडणे, बोर्डातून तडतड ऐकू येणे, माशासारखा उग्र वास, काढलेली पिन हाताला चटका देणे, यांपैकी एक खूण दिसली तरी मेन स्विच बंद करून बोर्ड उघडावा. नुसता स्क्रू आवळून भागत नाही: तापलेल्या सॉकेटमधल्या पितळी पट्टीचा ताण गेलेला असतो, ती पिन घट्ट धरत नाही. सॉकेट बदलावे, वायरचे काळे टोक कापून चकचकीत तांबे लागेपर्यंत सोलावे आणि बहुतारी वायरला लग (टोकावर बसवायची धातूची टोपी) दाबून मगच स्क्रू आवळावा. तांब्याची वायर ॲल्युमिनियमच्या वायरला नुसती पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणे हे तर आगीला आमंत्रण. दोन धातूंचा तो जोड गंजतो, तापतो आणि आणखी सैल होतो.

वायर आणि एमसीबी यांची जोडी जमली पाहिजे. दिवे-पंख्यांना १.५ चौरस मिलिमीटर वायर व ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी, पॉवर सॉकेटला २.५ व १६ अँपिअर, एसीला साधारण ४ व २० अँपिअर. एमसीबी सारखा पडतो म्हणून तिथे ३२ चा बसवला की तो ३६ अँपिअरवरही तासभर न पडता राहू शकतो; तोवर भिंतीतल्या २.५ च्या वायरचे आवरण मऊ होऊ लागते. जुन्या कटआउटमध्ये (फ्यूजची तार बसवायच्या खोक्यात) फ्यूजच्या तारेऐवजी तांब्याचे जाड तुकडे घालण्याची सवय याच जातीची.

जुन्या नाशिकमधल्या लाकडी वाड्यांत पट्टीवर ठोकलेले रबरी आवरणाचे वायरिंग कुठेकुठे अजून दिसते. वाकवताच आवरणाचा भुगा होत असेल, तर डागडुजीला अर्थ नाही. पूर्ण वायरिंग पाइपमधून नव्याने ओढावे. गोदाकाठी सराफ बाजार, भांडी बाजार, पंचवटी या भागांत २०१६ आणि २०१९ च्या पुरांचे पाणी शिरले होते. पाण्याखाली गेलेले एमसीबी, आरसीसीबी वाळवून पुन्हा वापरू नयेत. आत गाळ बसतो, यंत्रणा अडकते. वायरिंग वाळल्यावर, उपकरणे सोडवून, परवानाधारक वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) तपासून घ्यावे. रोध १ मेगाओहमपेक्षा कमी आल्यास वीज सुरू करू नये.

डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत गिझर, पाणी तापवायचा रॉड आणि हीटर एकाच वेळी चालतात. १६ अँपिअरची जाड पिन कन्व्हर्टर लावून ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये घालणे किंवा हीटर एक्स्टेंशन बोर्डावर चालवणे टाळावे. रॉड पाण्याबाहेर चालू राहिला तर काही मिनिटांत लाल होतो.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मुख्यतः विजेच्या धक्क्यापासून वाचवतो. मात्र उंदराने कुरतडलेल्या किंवा ओल्या वायरमधून जमिनीकडे होणारी गळतीही पकडतो. त्याचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबावे. पडला नाही तर तो बदलावा.

ठिणगी किंवा धूर दिसल्यास आधी मेन स्विच बंद करावा. चालू विजेवर पाणी मारू नये. आग लहान असेल तरच कोरड्या पावडरचे एबीसी अग्निशामक वापरावे, अन्यथा घराबाहेर पडून १०१ ला फोन करावा. मेन स्विचपर्यंत पोहोचता येत नसेल, तर खांबावरून पुरवठा तोडण्यासाठी महावितरणला १९१२ वर कळवावे.